कालयंत्र, स्मरणरंजन आणि निवडीचा प्रश्न

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आज आपण गोड अर्थाने वापरतो. मराठीत त्याला 'स्मरणरंजन' असा सुरेख प्रतिशब्दही मिळाला. मात्र त्यातल्या 'रंजना'मुळे एक गोष्ट झाकली गेली. मूळ शब्द जन्माला आला तो एका आजाराचे नाव म्हणून. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर राहिलेली माणसे, पुढे विशेषतः परक्या सैन्यात भाडोत्री लढणारे स्विस शिपाई, या आजाराने झुरतात अशी समजूत रूढ झाली. त्यावरचा खात्रीचा उपाय एकच मानला जाई : रोग्याला त्याच्या गावी पाठवणे.

या उपायातली मेख इमॅन्युएल कांटने ओळखली. १७९८ च्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात तो स्विसांच्या या गृहविरहाचा उल्लेख करतो आणि सांगतो, की ही माणसे गावी गेल्यावर निराश होतात आणि त्या निराशेनेच बरी होतात. सगळे बदलून गेले आहे असे त्यांना वाटते. खरे तर त्यांना तिथे आपले तरुणपण परत आणता येत नाही, इतकेच झालेले असते. ओढ जागेची नव्हतीच, वयाची होती. गावाकडे गाडी जाते, वयाकडे जात नाही.

कालप्रवासाच्या चित्रपटांकडे मी या अडचणीवरचा एक काल्पनिक इलाज म्हणून पाहतो. एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या 'द टाइम मशीन'मधला प्रवासी सन ८,०२,७०१ मध्ये जातो; स्वतःच्या बालपणाकडे वळण्याचे त्याच्या मनातही येत नाही. सिनेमाने मात्र हे यंत्र घराकडे, शाळेकडे, आईबापांच्या तरुणपणाकडे वळवले. आणि तिथे पोहोचताच एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला : परत जाता आले, तर वेगळे वागता येईल का?

या प्रश्नात दोन परस्परविरोधी इच्छा आहेत. बालपण हवेसे वाटते, कारण तिथे निर्णय आपले नव्हते. शाळा, गाव, जेवणाची वेळ हे सगळे कोणीतरी ठरवलेले असे. पण परत जायचे असते ते आजची अक्कल घेऊन, म्हणजे निर्णय हातात घ्यायला. जबाबदारी नसलेल्या काळात जबाबदार माणूस होऊन जायचे, अशी ही विचित्र मागणी आहे. या प्रकारातले चांगले चित्रपट ही विसंगती लपवत नाहीत, ती तपासतात.

*

क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) हा अठ्ठावीस मिनिटांचा फ्रेंच चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झाले आहे. तगलेली माणसे पॅले द शायोच्या तळघरांत कैद्यांसारखी राहतात. तिथले शास्त्रज्ञ अन्न, औषधे आणि ऊर्जा मिळवण्यासाठी कैद्यांना काळातून पाठवण्याचे प्रयोग करतात. नायकाची निवड होते, कारण बालपणीचे एक दृश्य त्याच्या मनात घट्ट रुतलेले आहे : ओर्ली विमानतळाचा धक्का, एका स्त्रीचा चेहरा आणि पाठोपाठ एका माणसाचा मृत्यू. त्या ओढीच्या जोरावर तो भूतकाळात पोहोचतो, त्या स्त्रीला भेटतो, तिच्या प्रेमात पडतो. शेवटी धक्क्यावर तिच्याकडे धावत असताना तुरुंगाचा हस्तक त्याला ठार मारतो. लहानपणी आपण पाहिला तो मृत्यू आपलाच होता, हे त्याला त्या क्षणी कळते.

या चित्रपटावर बोलताना 'नियती' हा शब्द सहज येतो. वर्तुळ पूर्ण झाले, सुटका नव्हतीच, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. शेवटाच्या थोडे आधी एक प्रसंग आहे, त्याकडे या वाचनात दुर्लक्ष होते. नायकाला भविष्यातही पाठवले जाते आणि तिथली माणसे त्याला जगाच्या पुनर्उभारणीसाठी ऊर्जेचे साधन देतात. काम झाल्यावर तुरुंगाधिकारी त्याला मारणार, हे उघड असते. तेव्हा भविष्यातली माणसे त्याच्याकडे येतात आणि आपल्यात सामावून घ्यायची तयारी दाखवतात. तो नकार देतो. त्याला बालपणातले ते जग आणि कदाचित आपली वाट पाहत असलेली ती स्त्री हवी असते.

इथे दोन दारे उघडी होती. जगण्याचे दार त्याने स्वतः लोटले. म्हणजे त्याचा मृत्यू टळणारा नव्हता असे म्हणताना, तो त्याच्याच निवडीतून घडला हेही म्हणावे लागते. आणि ही निवड कशाने केली? ज्या स्मृतीमुळे शास्त्रज्ञांनी त्याला हेरले, त्याच स्मृतीने. प्रयोग करणारे जर्मन भाषेत कुजबुजतात. फ्रेंच प्रेक्षकाला ती कुजबुज युद्धकाळाच्या इतक्या जवळ कशी ऐकू गेली असेल, याची कल्पना करता येते. सत्ता इथे माणसाच्या स्मृती पुसत नाही, त्यांचा वापर करते. ज्याची ओढ सर्वांत तीव्र, तो सर्वांत उपयोगी कैदी. मार्करच्या चित्रपटातली खरी भीती मला इथे दिसते.

सगळी छायाचित्रे स्थिर असताना एका ठिकाणी पडदा हलतो : पहुडलेली स्त्री डोळे उघडते आणि पापण्या मिटते. काही क्षणच. स्मृतीतली व्यक्ती तेवढ्यापुरती स्मृती राहत नाही, समोरचे जिवंत माणूस होते. नायकाने जीव दिला तो या हालचालीसाठी.

*

टेरी गिलियमने १९९५ मध्ये हीच कल्पना घेऊन 'ट्वेल्व्ह मंकीज' केला. इथे महायुद्धाच्या जागी विषाणू आहे, पाच अब्ज माणसे मेलेली आहेत, आणि जेम्स कोल (ब्रूस विलिस) याला साथ थांबवण्यासाठी पाठवलेलेच नाही. त्याने फक्त माहिती आणायची आहे. गिलियमचे शास्त्रज्ञही भूतकाळ बदलता येत नाही हे गृहीत धरतात.

अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याचा १९७६ चा कालप्रवासातील विरोधाभासांवरील निबंध इथे कामाला येतो. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. टिम नावाचा माणूस १९२१ मध्ये जाऊन आपल्या आजोबांवर बंदूक रोखतो. तो त्यांना मारू शकतो का? बंदूक आहे, नेम चांगला आहे, संधी आहे, म्हणजे शकतो. पण आजोबा तेव्हा मेले नाहीत, ही घडलेली गोष्ट आहे. म्हणजे शकत नाही. लुईस म्हणतो, यात विरोध नाही, 'शकणे' या शब्दाचे दोन वापर आहेत. वानराला फिनिश बोलता येत नाही. आपल्याला स्वरयंत्र आहे म्हणून त्या अर्थी येते. पण दुभाषा म्हणून आपल्याला हेलसिंकीला नेण्यात अर्थ नाही. कोणत्या गोष्टी हिशेबात धरल्या यावर उत्तर ठरते. टिमला कोणी अदृश्य शक्ती रोखत नाही. त्याचा पाय घसरेल, मन बदलेल, नेम चुकेल. रोज आपल्या हातून जशा गोष्टी राहून जातात, तशीच ही राहील.

आपल्याकडे या वादाला प्रारब्ध आणि पुरुषकार अशी जुनी परिभाषा आहे. टिळकांनी 'गीतारहस्या'त एक अख्खे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या जोडीला दिले. लुईसचे वेगळेपण असे, की तो ना दैवाला बोलावतो ना आत्म्याला. घडलेले घडलेलेच राहील, एवढ्याने घडवणाऱ्याचे स्वातंत्र्य जात नाही, असे तो केवळ भाषेच्या विश्लेषणातून दाखवतो.

कोलच्या बाबतीत हे पडद्यावर पाहायला मिळते. त्याला १९९६ च्या जगाचा मोह पडतो : मोकळी हवा, गाडीच्या रेडिओवरचे गाणे. एका प्रसंगात तो आणि डॉक्टर कॅथरिन चित्रपटगृहात हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) पाहत बसतात. पूर्वी पाहिलेला हा चित्रपट आता वेगळा वाटतो, चित्रपट बदललेला नाही, आपण बदललो आहोत, अशा आशयाचे कोल बोलतो. मार्करनेही कापलेल्या खोडाच्या वर्तुळांचे दृश्य घेऊन याच 'व्हर्टिगो'ला दाद दिली होती. कोलचे ते बोलणे म्हणजे कांटचेच निरीक्षण, चित्रपटगृहाच्या अंधारात केलेले.

शेवटी विमानतळावर कोल मरतो आणि लहानगा कोल ते पाहतो. कॅथरिन गर्दीत त्या मुलाला शोधते आणि रडतारडता त्याच्याकडे पाहून हसते. ती नजर त्या दिवसाचा भाग होतीच. पण ती दिली कॅथरिनने, आणि मनापासून दिली.

*

दुसऱ्या टोकाला रॉबर्ट झेमेकिसचा 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) आहे. सहलेखक बॉब गेलला त्याच्या वडिलांचे शाळेचे जुने वार्षिक सापडले. आपण त्या वेळी त्यांच्या वर्गात असतो तर आपली मैत्री झाली असती का, या विचारातून कथा सुचली. मूळ प्रश्न फार सुंदर आहे. चित्रपटही चोख बांधलेला आहे. पण त्याचे उत्तर तपासण्यासारखे आहे.

मार्टी १९५५ मध्ये जाऊन वडिलांना धीट करतो. परततो तेव्हा वडील लेखक झालेले, आई आनंदी, दारात नवी गाडी. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पण या घराला आठवते ते मार्टीचे बालपण मार्टीला ठाऊक नाही. या आईबापांनी वाढवलेला मुलगा वेगळा. आणि मार्टीला वाढवणारे ते थकलेले, हरलेले आईबाप आता कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी चित्रपटात कोणी थांबत नाही. दुरुस्त केलेले बालपण परके होते, ही गोष्ट चित्रपटाने दाखवली आणि लगेच झाकली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९५५ मध्ये उपाहारगृहात झाडलोट करणारा गोल्डी विल्सन हा कृष्णवर्णीय तरुण पुढे महापौर होतो. ती कल्पना त्याला मार्टीच्या तोंडून निसटलेल्या शब्दाने मिळते. चक बेरीचे संगीतही मार्टीने वाजवून दाखवल्यावर, टेलिफोनवरून, त्याच्यापर्यंत पोहोचते. विनोद म्हणून हे खपते. पण ज्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकी माणसे स्वतःच्या बळावर इतिहास बदलत होती, तिथे त्यांचा पुढाकार एका गोऱ्या मुलाच्या खाती जमा होतो. एकाचे स्मरणरंजन दुसऱ्याचे कर्तृत्व असे गिळते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ च्या काँग्रेसपुढील भाषणात या चित्रपटाचा दाखला दिला, हे त्या काळाच्या मनःस्थितीला धरूनच झाले.

सामूहिक स्मरणरंजनाची ही परीक्षा मराठीत जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत घेतली आहे. ती कालप्रवासाची नव्हे, समांतर विश्वाची कथा. पानिपतात गोळी विश्वासरावांना चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या जगात पोहोचतात. आपल्या सर्वांच्या मनातले 'जर' तिथे खरे झाले आहे. पण मुंबईत ते मुलाची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचे कोणी नाही असे उत्तर मिळते. जिंकलेल्या पानिपताची एवढी किंमत नारळीकर फारसा गाजावाजा न करता सांगून जातात.

*

कपोलाचा 'पेगी सू गॉट मॅरीड' (१९८६) हीच किंमत घरगुती मापाने मोजतो. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची पेगी सू माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कोसळते आणि १९६० मध्ये, शाळकरी वयात जागी होते. चार्लीशी लग्न टाळण्याची पूर्ण संधी तिच्याकडे आहे. दरम्यान घरचा फोन वाजतो आणि पलीकडे, कधीच गेलेल्या आजीचा आवाज येतो. पेगीला बोलता येत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला भाड्याच्या कॅसेटवर हा प्रसंग मी प्रथम पाहिला आणि तेवढाच भाग पुन्हा मागे नेऊन पाहिला, हे आठवते. चार्लीला टाळायचे तर त्याच्यापासून झालेली मुलेही नाहीत. तिचे 'हो' या हिशेबातून येते. यात बंधन आहे हे खरे. पण पहिले 'हो' अजाणतेपणी होते, दुसरे सगळे ठाऊक असताना.

सेलीन सियामाचा 'पतीत ममाँ' (२०२१) याच वाटेने सर्वांत पुढे जातो. अवघी ७२ मिनिटे, यंत्र नाही, स्फोट नाही. आठ वर्षांच्या नेलीची आजी वारली आहे. आजीचे घर आवरताना आई अचानक निघून जाते. जंगलात नेलीला झोपडी बांधणारी तिच्याच वयाची मारियाँ भेटते. ती म्हणजे तिची आई. जुळ्या बहिणींनी या भूमिका केल्या आहेत. दोघी पॅनकेक करतात, नाटक खेळतात. मारियाँची शस्त्रक्रिया जवळ आलेली आहे. नेली काहीही बदलू पाहत नाही. आजीचा शेवटचा निरोप नीट घेता आला नाही ही तिची रुखरुख. तो एकदा नीट घेता येतो. आपल्याला मूल हवे होते का, असे मारियाँ भविष्यातून आलेल्या आपल्याच मुलीला विचारते. उत्तर 'हो' येते, आणि तिला त्याचे आश्चर्य वाटत नाही. ती आतापासूनच त्या मुलीचा विचार करू लागली आहे. भविष्य कळले म्हणून तिची इच्छा खोटी ठरत नाही. ती इच्छा तिचीच असते.

या सर्व चित्रपटांत भूतकाळ बदलण्याची धडपड करणाऱ्यांच्या हाती परके घर लागते. मार्करच्या नायकाने ओढीसाठी भविष्य नाकारले आणि त्या ओढीवर डोळा ठेवून बसलेल्यांच्या हाती सापडला. नेली मात्र जाते, पाहते, आणि परत येऊन आईला तिच्या नावाने हाक मारते. आईही कधीतरी आठ वर्षांची, घाबरलेली मुलगी होती, हे तिला कळलेले असते. घडलेल्या गोष्टी तशाच राहतात. त्यांच्याशी असलेले नाते ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे उरतो.

हुकलेल्या सुवर्णकाळाकडे परत नेण्याची आश्वासने आज जगभर दिली जातात. तेव्हा त्या परतीच्या प्रवासात कोणाची मुले यादीतून गळणार आहेत आणि कोणाचे कर्तृत्व कोणाच्या खाती जाणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. हे विचारण्याचे स्वातंत्र्य तरी आपल्याला आहेच.