स्लाइड निगेटिव्ह आली, म्हणून व्हेरिअंट दोषी?

आज एका जुन्या पेपरबद्दल लिहितेय. २००९ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेला, व्हॅन नेडरव्हीन आणि सहकाऱ्यांचा. दुर्मिळ ट्यूमरच्या जेनेटिक्समध्ये यायचं असेल तर तो तुमच्या वाचनात येणारच. पेपर चांगला आहे. माझी तक्रार आपण तो कसा वापरतो याबद्दल आहे, आणि थोडी त्यातल्या आकड्यांबद्दलही.

आधी पार्श्वभूमी, पटकन. फिओक्रोमोसायटोमा हा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या आतल्या भागातला ट्यूमर. त्याच जातीचा ट्यूमर मान, छाती किंवा पोटातल्या पॅरागँग्लियात झाला, की त्याला पॅरागँग्लिओमा म्हणतात. यांत आनुवंशिक कारण सापडण्याचं प्रमाण मोठं आहे, निदान तीनात एक. त्यातली महत्त्वाची जनुकं म्हणजे सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमची: एसडीएचए, बी, सी आणि डी. चौघांचं मिळून एक कॉम्प्लेक्स बनतं. त्यातलं कुणीही एक बिघडलं की कॉम्प्लेक्स विस्कटतं आणि बी हे प्रोटीन टिकत नाही. म्हणून ट्यूमरच्या कापावर बीविरुद्धची अँटिबॉडी टाकली, की धडधाकट पेशीत तपकिरी, दाणेदार रंग दिसतो आणि बिघडलेल्या ट्यूमरमध्ये दिसत नाही.

पेपरात एकूण २२० ट्यूमर होते. बी, सी किंवा डीमध्ये म्युटेशन असलेले १०२ च्या १०२ निगेटिव्ह. आरईटी, व्हीएचएल, एनएफ१ या दुसऱ्या जनुकांमुळे झालेले ६५ च्या ६५ पॉझिटिव्ह. म्युटेशन न सापडलेल्या ५३ पैकी ४७ पॉझिटिव्ह, ६ निगेटिव्ह. पुढे जाऊन तपासलेल्या गटात सेन्सिटिव्हिटी १०० टक्के, स्पेसिफिसिटी ८४ टक्के. इथे सगळे खूश होतात. पण कंसातलं वाचा: स्पेसिफिसिटीचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल ६० ते ९७. हा गट फक्त ४५ जणांचा होता, त्यामुळे एवढा पसारा येणारच.

आता मुद्दा. पेपरचा प्रश्न होता: या पेशंटच्या एसडीएच जनुकांची तपासणी करायची का? त्यासाठी ही टेस्ट झकास. पण आज बरेचदा आपल्या हातात आधी सीक्वेन्सिंगचा रिपोर्ट येतो, त्यात एसडीएचबीमध्ये एक अक्षर बदललेलं असतं, आणि त्याचा अर्थ कुणालाच माहीत नसतो. म्हणजे व्हीयूएस. मग कुणीतरी म्हणतं, स्टेन करून बघू. निगेटिव्ह आलं की व्हेरिअंट पॅथोजेनिक. प्रश्न बदलला, आणि बदललाय हे कुणी बोललंही नाही.

गणित करून बघा, दोन मिनिटांचं आहे. सेन्सिटिव्हिटी १, स्पेसिफिसिटी ०.८४, निगेटिव्ह स्लाइडचा लाइकलीहूड रेशो १ भागिले ०.१६, म्हणजे ६.२५. तावतिगियन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एसीएमजीच्या २०१५ च्या निकषांना बेजच्या गणितात बसवलं, तेव्हा सुरुवातीची शक्यता १० टक्के धरली. तीच धरली तर स्टेननंतर शक्यता होते साधारण ४१ टक्के. स्पेसिफिसिटी ६० असेल तर २२, ९७ असेल तर ७९. 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणायला ९० टक्के लागतात. म्हणजे सगळ्यात उदार आकडा घेतला तरी एकटी स्लाइड तिथे पोचत नाही.

शिवाय त्या ६ निगेटिव्ह ट्यूमरांचं काय? एसडीएचएचा पॅरागँग्लिओमाशी संबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे २००९ च्या हिशोबात एसडीएचएचा दोष असलेला ट्यूमर आपोआप 'चुकीचा निगेटिव्ह' ठरणार होता. टेस्ट बरोबर असूनही तिला मार्क कमी! पण व्हेरिअंटच्या बाजूने बघितलं तर हीच गोष्ट उलटी लागते. स्लाइड कॉम्प्लेक्स मोडलंय एवढंच सांगते, कुणी मोडलं ते नाही. तुमचा व्हीयूएस बीमध्ये, खरा गुन्हेगार एमध्ये, किंवा सीच्या प्रमोटरवरच्या मिथिलेशनमध्ये, जे सीक्वेन्सिंगला दिसतच नाही. जठराच्या जीआयएसटी ट्यूमरांमध्ये हे चांगलंच नोंदलेलं आहे: २०१६ च्या एका अभ्यासात एसडीएच नसलेल्या ८४ पैकी २१ ट्यूमरांत कारण हेच मिथिलेशन होतं. आतड्याच्या कॅन्सरवाल्यांनी हा धडा एमएलएच१ वर आधीच गिरवलाय. आपण तो परत पहिल्यापासून का गिरवतोय, कळत नाही.

उलट बाजूही आहे. स्लाइड पॉझिटिव्ह आली म्हणून व्हेरिअंट सुटला, असं नाही. प्रोटीन जागेवर उभं असेल पण काम करत नसेल, तर अँटिबॉडीला फरक कळत नाही. ती फक्त हजेरी घेते.

आणि स्लाइड वाचणं? पहिल्या वर्षी मी एक कोरी स्लाइड मोठ्या आत्मविश्वासाने 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले होते. सरांनी एवढंच विचारलं, "रक्तवाहिन्या कुठल्या रंगाच्या आहेत?" त्याही कोऱ्याच होत्या. एंडोथेलियम रंगला नाही म्हणजे स्टेनच फसला. त्या स्लाइडवरून काहीच म्हणता येत नाही. तो रिपोर्ट बाहेर गेला नाही, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही. कारण पेशंटला दोन बहिणी होत्या. व्हेरिअंट पॅथोजेनिक ठरला असता तर त्यांच्या मागे, आणि त्यांच्या मुलांच्याही मागे, दरवर्षी रक्ततपासणी आणि ठराविक वर्षांनी एमआरआय लागला असता, तोही चुकीच्या जागेवर नजर ठेवत.

मग स्टेन करायचा नाही का? करायचा, पण सोबतीने. एसडीएचए वेगळा स्टेन करा: बी गेलं आणि ए राहिलं, तर एवरचा संशय बराच कमी होतो. ट्यूमरच्या डीएनएमध्ये दुसरी, चांगली प्रत हरवलीय का ते बघा. सक्सिनेट आणि फ्युमरेटचं प्रमाण मोजता आलं तर एन्झाइम खरंच काम करतं का तेही कळतं. आणि एसीएमजीच्या भाषेत ट्यूमरवरच्या या स्टेनला थेट पीएस३ देऊ नका. पीएस३ साठी तो एकच बदल वेगळा काढून तपासलेला हवा; ट्यूमरमध्ये तर पेशंटचा अख्खा जीनोम हजर असतो.

यापुढे व्हीयूएस आणि स्टेनिंगचा पेपर हातात आला, की आधी मेथड्समध्ये बघा: पॅनलमध्ये एसडीएचए होतं का, सीचं मिथिलेशन तपासलं का. दोन्ही नसेल, तर तक्त्यातला 'निगेटिव्ह' हा रकाना पेन्सिलने वाचा.