‘जेव्हा मी जात चोरली होती’ : निवेदक आणि दृष्टिकोण

दलित कथेतील प्रथमपुरुषी निवेदनाकडे मराठी समीक्षेने बहुधा साक्ष म्हणूनच पाहिले आहे. ‘मी’ आला की लेखकाचा अनुभव आला असे गृहीत धरले जाते आणि कथेच्या रचनेचा विचार तेथेच थांबतो. बाबुराव बागूल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहाची शीर्षककथा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वर्गात शिकविली जाते तीही पुष्कळदा याच रीतीने. जेरार जेनेट याने १९७२ मध्ये ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण सांगतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले. या कथेत दोन्हींचे उत्तर वरकरणी ‘मी’ हेच आहे. मात्र हा ‘मी’ एकसंध नाही.

कथेचे रहस्य शीर्षकातच फोडलेले आहे. निवेदकाची जात त्याला आणि वाचकाला ठाऊक आहे. उधन्याच्या रेल्वे कामगारांना नाही. त्यामुळे उत्कंठा उरते ती ‘केव्हा’ उघड होणार याची. कवितेच्या ओढीने जवळ आलेला रामचरण तिवारी निवेदकाविषयी जो आदर दाखवितो, त्यातून वाचकाला पुढील अवहेलनेचीच चाहूल लागत राहते.

शीर्षकातील ‘होती’ हे रूप घटना आणि कथन यांत अंतर निर्माण करते. ‘चोरली’ हे क्रियापद त्याहून महत्त्वाचे. स्वतःची जात न सांगणे ही चोरी कोणाच्या लेखी ठरते? जो समाज जातीवरून माणसाची जागा ठरवितो, त्याच्या लेखी. म्हणजे सांगणारा ‘मी’ असला तरी आरोपाची भाषा इतरांची आहे आणि ती निवेदकाने जाणूनबुजून तोंडी घेतली आहे. ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) मधील आणि जेरी पिंटो यांच्या २०१८ मधील इंग्रजी अनुवादांच्या शीर्षकांत ‘लपवणे’ या अर्थाची क्रियापदे आहेत. अर्थ पोहोचतो, पण आरोप गळतो.

जात विचारली जाताच निवेदक चिडून नव्या भारताची, मुंबईकर असण्याची भाषा बोलू लागतो. हा भाग प्रचारकी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ते वक्तृत्व त्या वेळच्या, अनुभव घेणाऱ्या ‘मी’चे आहे. पुढे काय झाले हे जाणणारा निवेदक ते जसेच्या तसे ठेवतो, त्यावर भाष्य करीत नाही. या मौनातच कथेचा उपरोध आहे. (बागुलांची शैली भडक असल्याचा आक्षेप घेताना ही बाब सहसा विचारात घेतली जात नाही.)

काशीनाथ हे पात्र वाचकाला केवळ बाहेरून दिसते. तो जात लपवीत नाही, सुरा बाळगतो, आणि अखेरीस जमावाच्या मारहाणीतून निवेदकाला तोच सोडवितो. त्याच्या मनात लेखक शिरला असता तर दोघांची तुलना लेखकानेच करून टाकली असती. येथे ती वाचकाला करावी लागते. मार खाल्लेला निवेदक मारणाऱ्यांना दोष न देता मनूने आपल्याला मारले असे म्हणतो. हेच वाक्य तृतीयपुरुषी निवेदकाच्या तोंडी आले असते तर लेखकाचा निष्कर्ष ठरले असते. रक्ताळलेला माणूस ते काशीनाथला उद्देशून बोलतो, आणि सुरा जवळ असलेल्या काशीनाथपुढे प्रश्न उभा राहतो, की सूड घ्यायचा तो कोणावर?