सूप पूजेला, हात हिशेबाबाहेर

समीक्षेने शब्दांकडे पाहावे, वस्तूंकडे पाहू नये, असा एक संकेत आमच्या विद्यापीठांतून रूढ झालेला आहे. हा संकेत मला मान्य नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने आपले ज्ञान आणि आपला अनुभव नोंदवावयाचा कुठे? त्याने तो चामड्यात नोंदवला, मातीत नोंदवला, वेळूत नोंदवला. म्हणून सूप, टोपले, कणगी यांचे वाचन हे दलित समीक्षेचे काम आहे. आणि या वस्तूंबद्दल मराठीत जे लिहिले गेले त्याची झडती घेणे हेही तिचेच काम आहे.

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही शेतकरी घरात वेळूला हात लागला नाही असा दिवस पूर्वी उजाडत नसे. धान्य पाखडायला सूप. भाकरी ठेवायला दुरडी. डाळ-तांदूळ धुवायला रोवळी. शेण, केर, माती उचलायला टोपले. कोंबड्या झाकायला डालगे. बैलगाडीला तट्टा. आणि वर्षाची ज्वारी भरून ठेवायला शेणामातीने लिंपलेली कणगी. यातली प्रत्येक वस्तू एका विशिष्ट कामासाठी विचार करून घडवलेली आहे. सुपाची वीण दाट, कारण दाणा खाली पडता कामा नये. रोवळीची वीण विरळ, कारण पाणी निथळले पाहिजे. सुपाच्या तीन कडा उभ्या आणि चौथी उघडी, कारण त्या उघड्या बाजूनेच कोंडा उडावयाचा असतो. कोवळा वेळू लवकर किडतो, फार जून वेळू चिरताना मोडतो. पाठीकडची साल चिवट असते, ती ताण सोसावयाच्या जागी. आतला भाग ठिसूळ, तो भरणीला. कोयत्याने वेळू उभा चिरून एकसारख्या पट्ट्या काढणारा माणूस मोजपट्टी वापरीत नाही. हे शास्त्र आहे. ते पुस्तकात नाही, म्हणून त्याला आम्ही 'पिढीजात धंदा' म्हणतो.

हे काम करणारे मुख्यतः दोन समाज. बुरूड वेळू चिरतो आणि बहुधा गावात किंवा बाजारपेठेत वस्ती करून राहतो. कैकाडी तरवड-निर्गुडीसारख्या झुडपांचे फोक तोडून टोपल्या, डालगी, कणग्या विणतो आणि गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरत आला आहे. वेताची गोष्ट वेगळी. वेत आमच्याकडे उगवत नाही. तो बाहेरून आला, साहेबाच्या खुर्चीत बसला आणि शाळामास्तराच्या हातात गेला. आमच्या कित्येक मुलांना वेताची ओळख झाली ती पाठीवरच.

आता या वस्तूंचा संस्कृतीतला मान पाहा. जन्मलेले मूल सुपात ठेवतात. लग्नात झाल म्हणून वेळूची टोपली दिवे लावून वरपक्षाच्या डोक्यावर ठेवतात. 'वंश' या शब्दाचा एक अर्थच वेळू. वंश वेळूसारखा वाढो ही त्यामागची इच्छा. तुळजापूरच्या भवानीची आराधीण परडी घेऊन जोगवा मागते. शेवटी माणूस तिरडीवरून जातो, तीही वेळूचीच. याच वेळूचे टोपले डोक्यावर घेऊन मैला वाहून नेण्याचे काम या देशाने काही जातींच्या बायकांकडून करून घेतले. त्या प्रथेला बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली करावे लागले. एकच वीण. एक टोपली लग्नात मिरवते, दुसरी माणसाच्या डोक्यावर गळते. टोपली कुठे जाईल हे वीण ठरवीत नाही, जात ठरवते.

मी वर्गात विद्यार्थ्यांना घरातल्या वेळूच्या वस्तूंची यादी करावयास सांगतो. यादी भराभर होते. मग विचारतो, यातली एखादी कुणी केली, त्या माणसाचे नाव सांगा. वर्ग गप्प होतो. ही शांतता विद्यार्थ्यांची नाही, मराठी साहित्याची आहे. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण घ्या. तिच्यात दाण्याचे सुखदुःख आहे. सूप विणणारा नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. खेड्याच्या रचनेचा अभ्यास करणारा प्रत्येक जण या ग्रंथाशी येऊन थांबतो. त्यात कारू-नारूंचा विचार आहे आणि फिरस्त्यांचाही आहे. पण फिरस्ता तिथे येतो तो कुणब्यावरचा भार म्हणून. त्याने विणलेल्या कणगीत कुणब्याचे वर्ष सुरक्षित राहिले, ही बाजू त्या हिशेबात चढत नाही. बारा बलुत्यांच्या रूढ यादीत बुरूड नाही, कैकाडी नाही. म्हणजे खळ्यावर हक्काचा वाटा नाही. वस्तू द्यावी आणि मिळेल तो दाणा घ्यावा. बलुते ही गुलामी होती यात शंका नाही. परंतु त्या गुलामीच्या वहीतसुद्धा ज्यांचे नाव नव्हते, त्यांची अवस्था काय असेल याचा विचार आमच्या ग्रामीण साहित्याने फारसा केलेला नाही. त्याला हिरवे रान दिसले, खळे दिसले, पाखडणारी कारभारीण दिसली. सूप मात्र जणू भिंतीला आपोआप उगवले.

शहरी पांढरपेशाने याच्या उलट चूक केली. त्याने टोपलीला 'हस्तकला' म्हटले. प्रदर्शनात तिच्यावर दिवा सोडला, दिवाणखान्यात तिच्यात फुले ठेवली. सौंदर्य पाहू नये असे मी म्हणत नाही. पण कामट्यांनी चिरलेली बोटे आणि दिवसाची मजुरी वगळून जे सौंदर्य उरते, ते पाहणाऱ्याच्या सोयीचे सौंदर्य आहे.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'चे महत्त्व ध्यानात येते. १९८० साली आलेल्या आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनाची चर्चा पुष्कळ झाली. ती वेदनेची झाली, भाषेची झाली, जातपंचायतीची झाली. त्यातल्या विणकामाची चर्चा झाली नाही. मला ते पुस्तक टोपलीचे अर्थशास्त्र म्हणूनही वाचावेसे वाटते. फोक आणावयाचा कुठून? तो तोडताना कुणापुढे हात जोडावयाचे? दिवसभर विणून हाती काय येते? गाढवावर बिऱ्हाड हलते तेव्हा शाळेचे काय होते? त्या पानांत टोपली सुंदर नाही, कारण विणणाऱ्याच्या पोटातून ती पाहिलेली आहे. मराठीत टोपली प्रथमच हिशेबासह आली. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली 'उचल्या'त भटक्या-विमुक्तांचे आणखी एक जग उघडले. त्याच तोडीचे पुस्तक बुरडाच्या घरातून, कोयत्याच्या बाजूने, आम्हांला हवे आहे.

श्रमाला प्रतिष्ठा दिली की प्रश्न सुटतो, असे काही मित्र म्हणतात. त्यांना मी आमच्या सरहद्दीपलीकडे घेऊन जातो. निलंगा तालुक्यापासून जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवेश्वरांच्या शरण चळवळीत मेदार केतय्या हा टोपल्या विणणारा वचनकार होता. कायक म्हणजे काम हीच पूजा, असे त्या चळवळीने मानले. आमच्याकडचे बुरूड आजही केतय्यांना आपले मानतात, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्याच कल्याणात राज्य हादरले ते केव्हा? परंपरा सांगते की, चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह झाला तेव्हा. दोन्ही बापांना देहान्त शिक्षा झाली. यातून बोध घ्यावयाचा तो असा: टोपली विणण्याला पूजा म्हटले तोवर व्यवस्थेने सोसले, जातीची वीण उसवली तेव्हा ती तलवार घेऊन उठली. पुढे केतय्या एका जातीचे संत होऊन बसले. श्रमाचा गौरव करून जात तशीच ठेवली की ती अधिकच पवित्र होते.

जात तशीच आहे, एवढेच नव्हे, सरकारी कागदाने तिचेही तुकडे केले आहेत. बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातीत, उदगीर-देगलूरच्या पलीकडे कर्नाटकात मेदार अनुसूचित जमातीत, तर तेलंगणात मेदरी मागासवर्गात. कैकाडी पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळात अनुसूचित जातीत. नदी ओलांडून नांदेड जिल्ह्यात आला की विमुक्त जातीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग १९५२ साली पुसला गेला म्हणतात. विमुक्त हे नाव त्याचीच आठवण आहे. हात तोच, कोयता तोच, सवलती वेगळ्या. बुरडाची अस्पृश्यताही सर्वत्र सारखी नव्हती. कुठे शिवाशिव होती, कुठे लिंगायत म्हणून थोडी सूट होती. या फरकांमुळे एकत्र येणे अवघड झाले, आणि संख्या थोडी असल्यामुळे चळवळीच्या व्यासपीठावरही हे समाज मागेच राहिले. हा दोष आम्हां सर्वांचा आहे.

मग प्रश्न उरतो: ही कला टिकवावयाची की सोडावयाची? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की, जात कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वाटून टाकते. जन्माने मिळालेला धंदा मुलाच्या गळ्यात कला म्हणून बांधणे हे त्या विचारात बसत नाही. दुसरीकडे बाजाराने निर्णय आधीच घेतला आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीन घरात साठवावयाचे पीक नव्हे. ते मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून लातूरच्या आडतीवर जाते. कणगी कशाला हवी? यंत्रातून दाणा स्वच्छ येतो, सूप कशाला हवे? उरलेल्या जागा प्लास्टिकने घेतल्या. बुरडाकडे उरली ती लग्नसराई, सणवार आणि तिरडी. ज्या रूढीने त्याला खाली ठेवले, तिच्याच आधाराने त्याने जगावे, अशी ही कोंडी आहे.

याच काळात वेळूला मात्र चांगले दिवस आले. १९२७ च्या वन कायद्याने ज्याला झाड ठरवले, ते वास्तविक गवत. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घेतले. २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने स्वतःचा बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्षात आणला. २०१७ साली वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. आता लातूर जिल्ह्यात बांबू लागवडीचा प्रचार जोरात आहे. चांगले आहे. पण लागवडीला जमीन लागते, ग्रामसभेच्या हक्काला जंगल लागते. बुरडाकडे दोन्ही नाही; त्याच्याकडे कसब आहे. महाराष्ट्राचा बांबू मुख्यतः चंद्रपूर-गडचिरोलीत, आणि लातूरचा बुरूड तो विकत घेतो. उद्या फर्निचरचा कारखाना निघेल, तेव्हा त्यात तो रोजंदारीचा मजूर असेल, शिकवणारा उस्ताद असेल की भागीदार असेल, हा प्रश्न परिसंवादांतून कुणी विचारीत नाही.

तो आम्ही विचारला पाहिजे. ज्याला विणावयाचे आहे त्याला वेळू, भाव आणि मालकी मिळाली पाहिजे. आणि त्याच्या मुलीला वेळूकडे पाठ फिरवून कॉलेजात जाण्याचा तेवढाच हक्क असला पाहिजे. ज्या दिवशी जातीबाहेरचा मुलगा पोटासाठी आणि आवडीने बुरडाच्या हाताखाली सूप विणावयास बसेल, त्या दिवशी ही कला ठरेल. तोवर तो जन्माने लादलेला धंदा आहे.

आणि लिहिणाऱ्यांना सांगावयाचे ते एवढेच. यापुढे कवितेत, कथेत, प्रबंधात टोपली आली की तिच्या खाली हात घालून पाहा. वेळू कुठून आला, किती दिवस लागले, काय मिळाले आणि विणणाऱ्याचे नाव काय, ही चार उत्तरे त्या मजकुरात नसतील तर तो मजकूर कितीही गोड असो, अपुरा आहे, असे लिहिण्याचे धाष्टर्य आमच्या समीक्षेने दाखवावे.