रिकामा प्लॉट रिकामा नसतो



पुनर्विकास म्हटला की डोळ्यांपुढे मुंबईच्या चाळी येतात, नाहीतर पुण्याच्या सोसायट्या. वऱ्हाडातल्या दोन शहरांवर बोलायचे आम्ही ठरवले, तेव्हा एका मित्राने विचारलेही, "अमरावती-अकोल्यात कसला आलाय पुनर्विकास?" त्याला उत्तर म्हणून एका तारखेपासून सुरुवात करतो.

30 ऑक्टोबर 2022, रविवार. अमरावतीच्या प्रभात चौकात, ऐन बाजारात, एक जुनी इमारत कोसळली. पाच माणसे गेली. इमारत शिकस्त आहे हे काही गुपित नव्हते. नोटीस निघालेली होती. तरी तळमजल्यावर दुकान चालू होते आणि आत माणसे कामावर होती.

अशा घटनेनंतर दोन बाजूंनी टीका होते. एक बाजू म्हणते, नोटीस देऊनही लोक ऐकत नाहीत. दुसरी म्हणते, महापालिका नोटीस देऊन हात झटकते. दोन्हींत तथ्य आहे. पण लोक का ऐकत नाहीत आणि नोटिशीच्या पुढे काय असते, हे दोन्हीकडून कुणी विचारत नाही. आजचे बोलणे त्या दोन प्रश्नांवर आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तीतला पुनर्विकास विटा-मातीपाशी अडत नाही. तो मालक, वारस, भाडेकरू आणि सरकार यांच्यातल्या न सुटलेल्या व्यवहारापाशी अडतो. आपली सगळी व्यवस्था मात्र इमारतीलाच हात लावते: तपासा, नोटीस द्या, पाडा, नकाशा मंजूर करा. व्यवहार तसाच राहतो. मग एक तर इमारत अंगावर पडते, नाहीतर ती पाडून झालेला प्लॉट वर्षानुवर्षे झुडपे आणि डुकरे सांभाळत बसतो.

आता वस्ती कशी आहे ते बघू. अमरावतीचे जुने गाव परकोटाच्या आत. हा परकोट निजामाच्या राजवटीत, पेंढाऱ्यांच्या भीतीने, 1807 च्या सुमारास बांधायला घेतला. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगावी लागतात. अकोल्यात मोर्णेच्या काठी असदगड, एका तीरावर जुने शहर आणि पलीकडे ताजनापेठ. दोन्ही शहरांना पैसा दिला कापसाने. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच काळात रेल्वे आली, आणि अडत्यांचे, सावकारांचे, वकिलांचे वाडे उभे राहिले.

हे वाडे मातीचे आणि सागवानाचे. आपल्याकडे शेतीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. जुन्या माणसांनी घरे पांढरीवर बांधली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर भिंत टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. भिंती हात-दोन हात जाड, वर धाबे, आत चौक. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन घरांमधली भिंत पुष्कळदा सामायिक. शेजाऱ्याचे घर हाच आपल्या घराचा टेकू.

आता एक वाडा पाडला की काय होते? शेजारची भिंत उघडी पडते. ती बाहेरची भिंत म्हणून बांधलेलीच नव्हती, तिला पावसापासून वाचवणारा गिलावा नाही. पहिल्या पावसाळ्यात तिची माती धुपते. पाडलेल्या जागेत पाया खोदून ठेवला असेल आणि काम अडले असेल, तर खड्ड्यात पाणी साचते आणि शेजारच्या पायात मुरते. दोन-तीन पावसाळ्यांनी शेजारचे घरही शिकस्त ठरते. म्हणून आम्ही म्हणतो, रिकामा प्लॉट रिकामा नसतो. तो शेजारच्या घरावर काम करत असतो. नोटीस मात्र शेजाऱ्याला जाते. खड्डा करून ठेवणाऱ्याला ती गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 प्रमाणे पडायला आलेली इमारत उतरवण्याचा हुकूम आयुक्त देऊ शकतात. कलम 265-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यायची असते. इमारतींचे चार वर्गही आहेत. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-2ब म्हणजे माणसे आत असतानाच दुरुस्त करायची. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. वर्गवारी चांगली आहे. कारण तिच्यात दुरुस्तीला जागा आहे.

पण गल्लीत पोचेपर्यंत या चार वर्गांचे दोनच होतात: शिकस्त आणि बरी. तपासणीची हत्यारे काँक्रीटसाठी घडलेली. हातोडी मारून काँक्रीटची ताकद मोजायचे यंत्र मातीच्या भिंतीला काय विचारणार? लाकडी तुळई किडली असेल तर ती बदलता येते आणि वाडा आणखी कितीतरी वर्षे उभा राहतो. पण हे सांगणारा माणूस, म्हणजे जुन्या कामाचा सुतार किंवा गवंडी, तपासणीच्या कागदावर सही करू शकत नाही. उलट बाजूही बघा. 24 ऑगस्ट 2020 ला महाडला पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मेली. ती दहा वर्षांच्या आतली, काँक्रीटची होती. जुने म्हणजे धोकादायक आणि नवे म्हणजे पक्के, हे समीकरण सोपे आहे, खरे नाही.

मग लोक निघत का नाहीत? एका भाडेकरूने आम्हाला एका वाक्यात सांगितले: "भाऊ, आमी निंगलो तं मंग वापस कोन येऊ देनार?" या वाक्यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. वऱ्हाडात मुंबईचा भाडे कायदा नव्हता. इथे सी.पी. अँड बेरारचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश चाले. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीसही देता येत नसे. 31 मार्च 2000 पासून सगळ्या राज्याला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात पाडून नवे बांधायचे असेल तर जागा परत मिळवण्याची सोय मालकाला आहे, आणि नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क भाडेकरूलाही आहे. कागदावर तोल ठीक वाटतो. पण तो हक्क मिळवायला कोर्टात जावे लागते, आणि नवी इमारत उभीच राहिली नाही तर परत यायचे कुठे? भाडेकरू म्हणूनच ताबा सोडत नाही. पडक्या छपराखालचा ताबा हाच त्याच्याकडे असलेला एकमेव कागद असतो.

मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे, नाहीतर ही टीका एकांगी होईल. जुने भाडे इतके थोडे की त्यात वर्षाची कवेलूसुद्धा शाकारून होत नाहीत. वारस सात, त्यांतले दोन पुण्यात, एक परदेशात. फेरफार अर्धवट. आराखड्यात समोरून रस्ता रुंदीकरणाची रेघ गेलेली. आणि पुष्कळ ठिकाणी जमीन आपली नाहीच, ती नझूलची, म्हणजे सरकारची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. पट्टा संपलेला, नूतनीकरण राहिलेले, मग बँक कर्ज देईना. मालक वाडा पडायची वाट बघतो, असे लोक म्हणतात. काही बघतही असतील. पण बहुतेकांना पुढचे पाऊल टाकायला वाटच नसते.

यातली एक गाठ सरकारने सोडवायला घेतली, हे मान्य केले पाहिजे. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आली. बाजारमूल्याच्या ठरावीक टक्के रक्कम भरून पट्ट्याची जमीन मालकी हक्कात घेता येईल, आणि 2024 मध्ये ती रक्कम दोन टक्क्यांपर्यंत खाली आणली. चांगले झाले. पण विचारायचे राहिले ते असे: सरकार आपला हक्क इतक्या स्वस्तात सोडते, तेव्हा त्या जागेत दोन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूबद्दल एखादी अट घालायला काय हरकत होती? सवलत द्यायची वेळ हीच अट घालायची वेळ असते. नंतर सरकारच्या हातात काही उरत नाही.

दुसरी वाट म्हणजे 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच नियम. जुन्या आणि धोकादायक इमारतींच्या पुनर्बांधणीला तिच्यात प्रोत्साहन म्हणून वाढीव एफएसआय आहे. पण जादा एफएसआयची मोठी मात्रा रस्त्याच्या रुंदीला बांधलेली. रस्ता जितका रुंद तितके जास्त बांधकाम. मोठ्या शहराच्या हमरस्त्याला हे शोभते. बुधवाऱ्यातल्या किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गल्लीत, जिथे दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते, तिथे हे प्रोत्साहन पोचतच नाही. परिणाम असा की रुंद रस्त्यावरचा बरा वाडा आधी पडतो आणि गल्लीतला खरोखर धोक्यातला तसाच राहतो.

आणि वाडा पडून उभे काय राहते? खाली शटरची रांग, वर काचा, त्यावर मोठ्ठा फलक. कॉम्प्लेक्स. आमची तक्रार काचेशी नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि आपण पश्चिमेकडे काच लावतो, हा वेडेपणा ज्याचे त्याने वीजबिलातून भोगावा. आमची तक्रार ओट्याशी आहे. जुन्या घराला रस्त्याकडे ओटा होता. त्यावर शिंपी बसे, संध्याकाळी म्हातारी माणसे बसत, पावसात वाटसरू उभा राहे. कॉम्प्लेक्सला ओटा नसतो, पायऱ्या असतात, आणि त्या फुटपाथवर आलेल्या असतात. खापर्डे बगीचा या नावात दादासाहेब खापर्डे आहेत आणि बगीचाही आहे. आज तिथे जाऊन बगीचा कुठे आहे ते विचारून बघा.

जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये अमेरिकन शहरांवर लिहिताना एक साधी गोष्ट मांडली होती: नव्या, लहान धंद्यांना जुन्या इमारती लागतात, कारण नव्या इमारतीचे भाडे त्यांना झेपत नाही. आपल्याकडे ताजनापेठेत हे डोळ्यांनी दिसते. गाद्या भरणारा, घड्याळजी, पत्र्याचे डबे करणारा, वह्या बांधणारा, हे सगळे जुन्या भाड्यावर तगलेले धंदे. कॉम्प्लेक्समध्ये त्यांतला एकही परत आलेला दिसत नाही.

दुसरीकडे काय केले जाते? मुंबई शहरात 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. उपकर गोळा होतो, त्यातून जुन्या इमारती दुरुस्त होतात, आणि माणसे बाहेर काढायची वेळ आली तर संक्रमण शिबिर असते. त्या व्यवस्थेचे धिंडवडे आपण वाचतोच. संक्रमण शिबिरात जन्म गेलेली माणसे आहेत. तरी तत्त्व बरोबर आहे: निघ म्हणणाऱ्याने कुठे जायचे तेही सांगितले पाहिजे. हे मंडळ मुंबई शहरापुरतेच. अमरावती-अकोल्यात निघ म्हणणारा आहे, कुठे ते सांगणारा नाही. अहमदाबादेत, ज्या शहराला 2017 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पोळांमधल्या वारसा-घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो. म्हणजे घर राखून पैसा. वारसा इमारतींच्या तरतुदी आपल्या नियमावलीतही आहेत. पण आधी यादी हवी, आणि यादीत फक्त परकोट, देऊळ, किल्ला घालून भागणार नाही. साधा वाडाही हवा.

शेवटाकडे येतो. दरवर्षी मे-जूनमध्ये शिकस्त इमारतींच्या नोटिसा निघतात. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत नोटीस आली, तर चार प्रश्न लेखी विचारा. इमारत चारपैकी कोणत्या वर्गात आहे आणि ते कुणी, काय बघून ठरवले? पाडली तर शेजारची भिंत कोण सांभाळणार, आणि बांधकाम सुरू होईपर्यंत खड्डा कोण बुजवून ठेवणार? आत किती भाडेकरू, किती चौरस फुटांत आहेत, याची नोंद पाडण्याआधी महापालिका करून देणार का? आणि पावसाळ्याचे चार महिने या माणसांनी राहायचे कुठे?

यातला तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो एक कागद, मोजमाप आणि सही असलेला, भाडेकरूच्या हातात पडला, तर त्याला पडक्या छपराला धरून बसायचे कारण उरत नाही. याला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. एक कनिष्ठ अभियंता, एक फीत आणि एक दिवस लागतो. प्रभात चौकातली पाच माणसे एवढ्याने वाचली असती, असा दावा आम्ही करणार नाही. पण नोटीस जाते आणि माणूस हलत नाही, या कोड्याचे उत्तर त्या कागदाजवळ आहे, एवढे मात्र नक्की.

बस, इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि समोर कुणी वाड्याचे मालक बसले असतील तर आधी त्यांनी बोलावे. आमच्यावर त्यांचा राग असणार, तो ऐकायचा आहे.