१९८९ पासूनच का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

२००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये डेव्हिड स्टकलर, लॉरेन्स किंग आणि मार्टिन मॅकी यांचा एक पेपर आला. सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर तो जरूर वाचा. वाचून झाल्यावर त्याच्याशी भांडाही.

प्रश्न जबरदस्त आहे. साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोप आणि मध्य आशियात कमावत्या वयाचे पुरुष इतक्या संख्येने का मेले? रशियात १९८७ मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान जवळपास ६५ वर्षं होतं, १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. मोठं युद्ध नाही, दुष्काळ नाही, तरी सात वर्षांत सात वर्षं गेली!

लेखकांचं उत्तर असं: ज्या देशांनी सरकारी उद्योगांचं झटपट, सरसकट खासगीकरण केलं, तिथे कमावत्या पुरुषांचा मृत्युदर १२.८ टक्क्यांनी वाढला. जिथे लोक संघटनांशी जोडलेले होते, तिथे फटका कमी बसला. आर्थिक धोरण आणि माणसांचे मृत्यू एकाच समीकरणात मांडायची हिंमत त्यांनी दाखवली, हे आधी मान्य करू.

आता डेटा बघा. तो १९८९ ते २००२ चा आहे. मग १९८९ च्या आधी काय चाललं होतं?

१९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत संघात दारूविरोधी मोहीम सुरू केली. सरकारी दारू कमी झाली, महागली. १९८४ मध्ये ६२ च्या आसपास असलेलं रशियन पुरुषांचं आयुर्मान १९८७ पर्यंत ६५ ला टेकलं. नंतर मोहीम थंडावली. म्हणजे १९८९ हे ‘नेहमीचं’ वर्ष नव्हतंच. आलेख शिखराजवळून सुरू केला की उतार जास्तच मोठा दिसणार. जयंत भट्टाचार्य, क्रिस्टिना गाथमान आणि ग्रँट मिलर यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा धरला: मोहिमेमुळे लांबलेले बरेच मृत्यू नंतर एकदम आले.

शिवाय ही मोहीम सोव्हिएत संघातली होती, पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकियातली नाही. चेक प्रजासत्ताकानेही सरसकट खासगीकरण केलं, पण तिथलं आयुर्मान नव्वदच्या दशकात वाढलं. मग आपण खासगीकरण मोजतोय की जुन्या सोव्हिएत संघाचा वारसा? जॉन अर्ल आणि स्कॉट गेलबाक यांनी २०१० मध्ये दाखवलं की धोरणाचा परिणाम दिसायला थोडा अवधी लागतो असं धरलं, किंवा प्रत्येक देशाचा आधीपासूनचा कल हिशोबात घेतला, की हा संबंध टिकत नाही.

म्हणून पेपर फेकून द्यायचा का? अजिबात नाही. बेलारूस बघा. तिथेही मोहीम झाली होती, पण खासगीकरण संथ होतं आणि आयुर्मानाची घसरण रशियापेक्षा कमी होती. हा पुरावा लेखकांच्या बाजूचा आहे. माझ्या मते खासगीकरणाचा काही वाटा असेलही, पण तो १२.८ टक्के आहे हे या डेटावरून ठामपणे म्हणता येत नाही.

तुमच्यासाठी गोष्ट एवढीच. रिग्रेशनचं टेबल उघडण्याआधी तुमच्या विषयाचा चाळीस-पन्नास वर्षांचा साधा आलेख काढा. त्यावर पेपरचं पहिलं वर्ष पेन्सिलने खूण करा. ती खूण शिखरावर पडली की दरीत, हे व्हायव्हात कोणी विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा. त्या आलेखाचा प्रत्येक उतार म्हणजे कुणाच्या तरी घरातला माणूस गेलेला असतो. त्याचं कारण चुकीचं लिहिलं, तर पुढचं धोरणही चुकीचंच ठरेल.