दुर्गा खोटे : बखर आणि अस्सल

'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटानंतर पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, दुर्गा खोटे यांचें 'मी, दुर्गा खोटे' हें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. इतक्या काळानें लिहिलेल्या आठवणींस आम्ही बखरीहून अधिक प्रामाण्य देत नाहीं. अस्सल कागद म्हणजे खुद्द बोलपट. त्यांतील तारामती, 'अमर ज्योती' (१९३६) मधील, न्याय न मिळाल्यानें चांचेगिरीस लागलेली सौदामिनी आणि 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील, पति व पुत्र यांच्या कलहांत सांपडलेली जोधाबाई, या तीन भूमिका ताडून पाहाव्या. आवेशाची जागा संयमानें कशी घेतली, हें त्यांवरून स्पष्ट दिसतें. पुढें त्यांच्या संस्थेनें दूरदर्शनकरितां 'वागळे की दुनिया' (१९८८) ही मालिका काढली, हेंही याच कारकीर्दीचें अंग होय.

परंतु अस्सलच नष्ट झालें तर निर्णय कशावर करावयाचा? 'आलम आरा' (१९३१) या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. म्हणून अमरावती-अकोल्याकडील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पोथ्यांच्या पेटींत बोलपटांच्या जुन्या गीतपुस्तिका वा जाहिराती आढळल्यास त्या रद्दींत न घालतां त्यांची नोंद मंडळाकडे धाडावी.