बारगीर, बर्गी आणि ‘आपण’

संशोधनाचा विषय निवडताना इतिहासाची मुलं हमखास ‘मराठ्यांचा पराक्रम’ घेतात. घ्यायला हरकत नाही. पण ज्यांच्या मुलखात हा पराक्रम झाला त्यांना तो कसा दिसला, हा प्रश्न आपण टाळतो. देशप्रेम आडवं येतं.

बंगालचंच बघा. मराठीत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. साधा शब्द. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि तो अंगाईत जाऊन बसला, लेकरांना भीती घालायला. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. शेवटी नवाब अलीवर्दीखानाने ओडिशाचा महसूल आणि वर्षाला 12 लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्याकडं गोष्ट इथं, विजयावर संपते.

गंगाराम या बंगाली कवीचं ‘महाराष्ट्र पुराण’ त्याच काळातलं. त्यात जाळलेली गावं आहेत, पळणारी माणसं आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘विरोधकानं लिहिलंय, वाढवून लिहिणारच.’ साधन तपासायलाच पाहिजे, पण आधी पूर्ण वाचा तरी. गंगारामाच्या काव्यात मराठे येतात ते देवाच्या इच्छेनं, पाप्यांना शिक्षा करायला. पुढं त्यांचे अत्याचार बघून देवीच त्यांच्यावर उलटते. मराठ्यांचा जन्मजात द्वेष करणारा असं कशाला लिहील?

आणि बंगालनं सरसकट द्वेष केला असंही नाही. त्याच बंगालीत 1904 साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. म्हणजे राग होता तो लुटीचा, मराठी माणसाचा नव्हे. हा फरक बंगालला करता आला. आपल्याला येतो का?

आता ‘आपण’ हा शब्द तपासू. 1743 मध्ये बंगालात रघूजींच्या विरुद्ध खुद्द पेशवे नानासाहेब फौज घेऊन गेले होते. यातले ‘आपण’ कोणते? आणि आपलं परतूर? 1719 ला बादशहानं शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद दिली, त्यात आपला मुलूख आला. पुढं 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. म्हणजे ‘आपण बंगालकडून चौथाई घेतली’ असं परतुरात बसून लिहिणारा ज्या मातीत उभा आहे, तिच्यावरही चौथाई लागू होती. बंगालच्या रयतेचं दुखणं त्याला परकं वाटायचं काही कारण नाही.

म्हणून संशोधन प्रस्ताव लिहिताना एवढंच करा. जिथं जिथं ‘आपण’ लिहिलंय तिथं तो शब्द खोडा आणि कोण, कोणत्या साली, कोणाच्या मुलखात, ते लिहा. निम्मा अभिमान गळून पडेल. उरेल तो मात्र पुराव्यावर उभा असेल, आणि गाईडनं विचारलं तर सांगताही येईल.